अरुंद नेकचा बेस हवा, म्हणजे नक्की काय हवं?

धानाची कापणी आटोपून दिवाळी सरली की वडशात नाटकांच्या तारखा ठरू लागतात. कागदोपत्री गाव देसाईगंज, पण रेल्वे स्टेशन आणि नाटकवाले दोघेही वडसाच म्हणतात. इथल्या मंडळांचे प्रयोग चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या खेड्यापाड्यांत मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या निमित्ताने रात्र रात्र चालतात, आणि होळीच्या सुमाराला हंगाम उतरतो. इथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या झाडीपट्टी रंगभूमीचं नाव उरलेल्या महाराष्ट्राने जरा नीट वाचलं. या नाटकांचं एक वैशिष्ट्य म्हणजे जिवंत संगीत. ऑर्गन, तबला, ढोलक हा जुना संच. पुढे त्यात ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले. खर्जाचा भार बहुतेक वेळा डग्ग्यावर आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर पडतो. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांतही हेच चालतं.

तो डावा हात मोकळा करायचा तर संचात एक बेस गिटार लागते. आणि कुणी ती घ्यायला निघालं, विशेषतः एखादी मुलगी, शाळकरी पोरगा किंवा हाडापेराने लहान माणूस, की पहिली मागणी ठरलेली असते: नेक अरुंद पाहिजे, हातात मावला पाहिजे. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. भामरागड-सिरोंच्याकडून निघालेल्याचा अख्खा दिवस प्रवासातच जातो. तिथल्या दुकानातही बेस दोन-चारच टांगलेले असतात, कारण विकल्या जातात त्या साध्या गिटारी. त्यामुळे बरेच जण मोबाइलवर फोटो पाहून वाद्य मागवतात. फोटोत नेक मुठीत धरता येत नाही. मात्र फोटोखाली मापांचा एक तक्ता असतो, आणि तो वाचता आला तर वाद्य हातात न घेताही त्याच्याबद्दल बरंच काही कळतं.

आधी रुंदी पाहू. नेकच्या डोक्याकडच्या टोकाला एक छोटी पांढरी किंवा काळी पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. तिला नट म्हणतात आणि नेकची रुंदी तिथे मोजतात. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. पन्नाशीच्या दशकातल्या प्रिसिजनचा नट ४४.५ मिलिमीटर रुंद होता. आजच्या बहुतेक प्रिसिजनचा ४१ ते ४२ असतो. १९६० साली त्याच्याच कंपनीचा जॅझ बेस आला, त्याचा नट ३८ मिलिमीटर. ‘अरुंद नेक’ म्हणून जगभर जे माप धरलं जातं ते हेच. आयबानेझच्या एसआर मालिकेतल्या चार तारांच्या बेसचंही माप ३८.

आता साध्या गिटारीकडे बघा. इलेक्ट्रिक गिटारीचा नट साधारण ४२, अकूस्टिकचा ४३ आणि नायलॉन तारांच्या क्लासिकलचा ५० ते ५२ मिलिमीटर. म्हणजे ज्या मुलीला बेसचा नेक ‘मावत नाही’ ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये जी गिटार आरामात वाजवते तिचा नेक जॅझ बेसपेक्षा रुंद असतो. हात दुखतो हे खरं, पण त्याचा आरोप रुंदीवर ठेवणं बरोबर नाही.

रुंदीचा हिशोब आणखी जरा पुढे नेऊ. प्रिसिजन आणि जॅझ यांच्या नटमध्ये फरक तीन-साडेतीन मिलिमीटरचा. चार तारांमध्ये तीन जागा असतात, म्हणजे दोन तारांमधलं अंतर जेमतेम एक मिलिमीटरने बदलतं. शिवाय हा फरक डोक्याकडेच. दोन्ही बेसच्या ब्रिजवर (सतारीवर घोडी असते त्या जागी) तारा साधारण तेवढ्याच अंतरावर, १९ मिलिमीटरच्या आसपास असतात. नेक ब्रिजकडे येत जातो तसा तो रुंद होत जातो आणि बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) दोघांतला फरक बोटाला शोधावा लागतो. अरुंद नेकचा फायदा नाही असं नाही. खालच्या जाड तारेपर्यंत बोट पोचवताना अंगठा नेकच्या पाठीवर राहतो, मनगट कमी वळतं. पण जाड बोटांच्या माणसाला तोच नेक गैरसोयीचा, कारण एका तारेवर दाबलेलं बोट शेजारच्या तारेला लागतं आणि सूर बंद होतो. शेतात नांगर-कुदळ धरलेल्या हाताने ३८ चा हट्ट धरू नये असं माझं मत आहे.

खरा त्रास लांबीचा आहे.

नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग मोकळा कंप पावतो, त्याच्या लांबीला स्केल म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारीचं स्केल साधारण ६४८ मिलिमीटर. नेहमीच्या बेसचं ८६४, म्हणजे ३४ इंच. शॉर्ट स्केल बेसचं ७६२, म्हणजे ३० इंच. मधला एक प्रकार ३२ इंचाचा. फ्रेट कुठे बसवायचे हे स्केलवरून ठरतं. एक सप्तक बारा समान टप्प्यांत वाटायचं तर प्रत्येक फ्रेटला उरलेली लांबी दोनाच्या बाराव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.०५९५ ने भागत जायची. त्यामुळे नटजवळचे फ्रेट सगळ्यांत दूर दूर आणि पुढे पुढे ते जवळ येत जातात. स्केल जितकं लांब, तितका प्रत्येक फ्रेट मोठा.

हे गणित हाताला काय सांगतं ते पाहा. चार बोटं पहिल्या चार फ्रेटवर एकेक ठेवायची, तर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचा ताण साध्या गिटारीवर ९७ मिलिमीटर येतो. शॉर्ट स्केल बेसवर ११४. नेहमीच्या बेसवर १३०. गिटारीवरून बेसवर आलेल्या हाताला तीन सेंटिमीटरहून जास्त पसरावं लागतं आणि त्याचा बहुतेक भार करंगळी आणि अनामिकेवर येतो. रुंदीतला एक मिलिमीटर आणि लांबीतले तेहेतीस मिलिमीटर: कुठलं माप आधी बघायचं हे आता वेगळं सांगायला नको.

हे घरबसल्या तपासता येतं. सुताराकडून चार सेंटिमीटर रुंद, दोन सेंटिमीटर जाड लाकडी रीप आणायची आणि एका बाजूच्या कडा घासून गोल करून घ्यायच्या. सपाट बाजूवर पेन्सिलीने चार रेघा मारायच्या. त्यांतली अंतरं क्रमाने ४६, ४३ आणि ४१ मिलिमीटर. हा ३४ इंची बेसचा पहिला ते चौथा फ्रेट. दुसऱ्या रिपेवर ४०, ३८, ३६. हा शॉर्ट स्केल. अंगठा गोल बाजूला पाठीमागे ठेवून चार बोटं चार रेघांवर टेकवायची आणि तसाच हात दोन मिनिटं धरायचा. पहिल्या दहा सेकंदांवर जाऊ नका, तेवढं सगळ्यांना जमतं. दुसऱ्या मिनिटाला तळहाताच्या बुडाशी, अंगठ्याच्या मुळापाशी ओढ जाणवते का ते पाहायचं.

ओळखीत कुणाकडे नेहमीचा बेस असेल तर रिपेचीही गरज नाही. पहिला ते चौथा फ्रेट सोडून तिसरा ते सहावा फ्रेट धरून बघा. तिथला ताण ११६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे शॉर्ट स्केलच्या पहिल्या चार फ्रेटइतकाच. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर उरलेली तार ७७० मिलिमीटर भरते, जवळजवळ तीस इंच. काही जण तारा एक सूर खाली उतरवून कॅपो कायमचा तिथे ठेवतात आणि लांब बेसचाच आखूड बेस करून घेतात. दिसायला ओबडधोबड, पण फुकटात होणारा उपाय.

आखूड स्केलला आणखी एक फायदा असतो. त्याच जाडीची तार त्याच सुरात लावायची तर तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ वरून ३० इंचावर आलं की ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. बोटाला तार मऊ लागते, दाबायला जोर कमी पडतो. तोटाही त्यातच आहे. सैल तारेचा खालचा सूर जरा भोंगळ येतो, जोराने छेडली की सूर क्षणभर वर चढून मग जागेवर येतो. चांगल्या स्टुडिओत हा फरक कानाला कळतो. पण बेसच्या सगळ्यांत खालच्या तारेचा सूर ४१ हर्ट्‌झचा, आणि शेतातल्या मांडवात लावलेले लहान स्पीकर तेवढ्या खाली फारसे पोचतच नाहीत. तिथे कान वरच्या स्वरांशांवरून खालचा सूर ओळखून घेतो. आखूड बेसने आवाजात काय गमावलं याची चिंता ऑर्केस्ट्रातल्या वादकाने फार करू नये.

शॉर्ट स्केल म्हणजे लहान मुलांचं खेळणं, असा एक समज दुकानदारसुद्धा पसरवतात. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हाम्बुर्गमध्ये घेतलेला हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस ३० इंची होता. रोलिंग स्टोन्सचा बिल वायमन लहान हातांसाठी प्रसिद्ध. त्याने त्याच साली एक जुना बेस विकत घेऊन त्याची बॉडी कापून लहान केली, फ्रेट काढून टाकले आणि पुढेही तो आखूड बेसच वाजवत राहिला. स्टॅन्ली क्लार्कसारखा जॅझमधला दिग्गजही प्रामुख्याने शॉर्ट स्केल बेससाठीच ओळखला जातो. उलट बाजूचं उदाहरण आपल्या मुंबईतलं. १९९६ साली जन्मलेली मोहिनी डे अंगाने लहानखुरी, पण तिच्या हातात पाच-सहा तारांचे रुंद नेकवाले बेस दिसतात. लहानपणापासूनचा रियाज मापांना किती वाकवतो हे तिच्याकडे बघून कळतं. मात्र ज्याने पंचविशीत बेस हातात घेतला त्याने तिला प्रमाण मानू नये.

इथे तक्त्यातली एक फसवी जागा येते. आखूड बेस अरुंदही असेल असं आपण धरून चालतो. आयबानेझचा मिक्रो हा मुलांसाठीचा बेस घ्या: स्केल अवघं २८.६ इंच, पण नट ४१ मिलिमीटर. हॉफनरचा नटही ४२ च्या आसपास. म्हणजे सगळ्यांत छोटे दिसणारे हे बेस लांबलचक जॅझ बेसपेक्षा रुंद. दोन्ही बाजूंनी लहान हवा असेल तर नाव शोधायचं फेंडर मस्टँगचं. १९६६ साली आलेला हा बेस ३० इंची आणि नट ३८. त्याच घराण्यातली स्वस्त मालिका स्क्वायर नावाने मिळते, पण तिथे प्रत्येक मॉडेलचा नट वेगळा तपासावा.

तिसरं माप जाडीचं, आणि ते बऱ्याच तक्त्यांत छापलेलंच नसतं. आयबानेझ एसआरचा नेक पहिल्या फ्रेटपाशी १९.५ आणि बाराव्यापाशी २१.५ मिलिमीटर जाड, म्हणजे बेसच्या मानाने खूपच पातळ. पाठीच्या गोलाईला इंग्रजी अक्षरांची नावं असतात: सी म्हणजे उथळ गोल, यू म्हणजे भरीव, व्ही म्हणजे मधोमध उंचवटा असलेला. लहान हाताला बहुधा पातळ सी आवडतो. पण फार पातळ नेकवर अंगठ्याला टेकायला काही उरत नाही, मूठ आवळली जाते, आणि रात्रभर वाजवणाऱ्याला ते जाडीपेक्षा जास्त थकवतं. गडचिरोलीतल्या पौषाच्या रात्री पहाटे तीन वाजता बोटं आधीच बधिर झालेली असतात. त्या वेळी आवळून धरावा लागणारा नेक कुणालाच नको होतो. थंडीने पोलादी तारा आकसून किंचित चढतात हेही त्या वेळी ध्यानात असावं. अंक संपला की बेस पुन्हा लावून घ्यायचा.

माप काहीही असो, अर्धा प्रश्न हाताच्या ठेवणीत सुटतो. एका फ्रेटला एक बोट हा नियम गिटारीवरून आला. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, व्हिएन्नातल्या फ्रांत्स सिमांडलने मोठ्या उभ्या डबल बेससाठी जी पद्धत लिहिली तीत पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढीच वापरतात. अनामिका करंगळीला नुसता आधार देते. तीन बोटांनी तीन फ्रेट, म्हणजे पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटचा ताण ८९ मिलिमीटर. गिटारीवरच्या चार बोटांच्या ताणापेक्षाही कमी! चौथा फ्रेट लागला तर हात फाडायचा नाही, सरकवायचा. नटजवळच्या पाच फ्रेटांत ही पद्धत आणि त्याच्या पुढे एका बोटाला एक फ्रेट, असं वाजवणारे कितीतरी पक्के बेसवादक आहेत.

आणि आपल्याकडच्या वादकाला एक सवलत आयती मिळते, जी परदेशी पुस्तकांत लिहिलेली नसते. बेसच्या मोकळ्या तारा पेटीच्या भाषेत खालून वर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. रॉकची गाणी या सुरांभोवती बांधलेली असतात, म्हणून ती पुस्तकं विद्यार्थ्याला नटजवळच्या सगळ्यांत लांब फ्रेटांवर अडकवून ठेवतात. आपला गायक मात्र काळ्या पट्ट्या मागतो. बाईंची पट्टी काळी चार असेल तर षड्ज खालच्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर. काळी पाच असेल तर सहाव्यावर. पुरुष गायक काळी एकमध्ये असेल तर दुसऱ्या तारेच्या चौथ्यावर, काळी दोनमध्ये असेल तर सहाव्यावर. म्हणजे हात आपोआप चौथ्या ते सातव्या फ्रेटच्या परिसरात राहतो, जिथे चार बोटांचा ताण १०९ मिलिमीटर आहे. मोकळ्या तारा सुटतात हा तोटा, पण हाताला तिथे बरंच सुख. पाच तारांचा बेस घ्यावा का हा प्रश्नही इथेच येतो. पाचव्या तारेमुळे आणखी खालचा षड्ज मिळतो हे खरं, पण नट ४५ मिलिमीटरच्या पुढे जातो. ज्याला नेक हातात मावण्याची काळजी आहे त्याने पहिला बेस चारच तारांचा घ्यावा.

बसून वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. भारतीय बैठकीत मांडी घालून ३४ इंची बेस धरला की त्याचं डोकं डावीकडे जवळजवळ हातभर बाहेर जातं. शेजारी तबलजी असेल तर तो सरकून बसतो आणि मनातल्या मनात शिव्या घालतो. त्याहून वाईट म्हणजे नेक खाली झुकतो, डाव्या हाताला तो उचलून धरावा लागतो आणि दाबायला जोर उरत नाही. पट्टा बसल्यावरही लावा. नेक आडवा न ठेवता डोकं खांद्याच्या उंचीला येईल इतका तिरका उभा करा. मनगट सरळ झालं की हाताची पोच वाढते, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही. ज्या बेसची बॉडी फार हलकी आणि डोकं जड, ते सतत खाली पडू पाहतात. लहान हाताच्या माणसाने असा बेस फुकट मिळाला तरी विचार करावा.

स्वस्त बेस कडक का वाटतो, याचं कारण बहुतेक वेळा नेक नसतो. पंधरा-वीस हजारांच्या वाद्यांत कारखाना नटच्या खाचा उथळ ठेवतो, कारण खोल कापलेली खाच पुन्हा भरता येत नाही. परिणामी पहिल्या फ्रेटवर तार अवास्तव उंच राहते. परीक्षा सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार व धातू यांतली फट बघा. एक पातळ कागद जाईल एवढी पुरे. काडेपेटीतली काडी जात असेल तर खाच बारीक कानशीने खोल करून घ्यायला हवी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर असावी, ती ब्रिजवरच्या छोट्या स्क्रूंनी जुळवता येते. तारांची जाडीही बघा. बेसवर कारखान्यातून बहुधा ४५ ते १०५ चा संच येतो. ४० ते ९५ चा लावला की बोटांना लगेच उसंत मिळते. ‘नेक जमत नाही’ म्हणून विकायला काढलेले कितीतरी बेस एवढ्या दुरुस्तीने जमले असते. ही कामं नागपुरात होतात, हात स्थिर असेल तर घरीही होतात, फक्त नटला कानस लावताना घाई नको.

आता आपल्या हवेबद्दल, कारण चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा विचार करून कुणी नेक बनवलेला नसतो. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जुलैत तीच हवा ओलीचिंब. लाकूड ओलावा घेतं तेव्हा फुगतं, सोडतं तेव्हा आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे नेकच्या लांबीत, बदल नगण्य. रुंदीत मात्र लक्षात येण्याइतका. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत. म्हणून एप्रिल-मेमध्ये नेकच्या कडेला हात फिरवला की फ्रेटांची टोकं काट्यांसारखी टोचू लागतात. अरुंद, गुळगुळीत म्हणून घेतलेला नेक उन्हाळ्यात करवतीसारखा लागतो तो यामुळे. टोकं कानशीने घासून घेतली की प्रश्न संपतो, पण घाई करू नये. पावसाळ्यात फुगलेल्या नेकवर घासली तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा बाहेर येतील. घासायचं तर मे महिन्यातच.

नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ही सोय गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात पेटंट घेऊन रूढ केली. तारांच्या ओढीने नेक पुढे वाकतो, सळई त्याला मागे खेचते. पावसाळ्यात नेक सहसा पुढे वाकतो, तारा उंच होतात, वाजवणं जड जातं. उन्हाळ्यात तो सरळ किंवा थोडा मागे जातो आणि तारा फ्रेटांवर खरखरतात. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली तर सातव्या-आठव्याच्या आसपास तिच्याखाली सुमारे ०.३ मिलिमीटर फट दिसायला हवी. नसेल तर सळईचा नट पाव फेरा फिरवा, एक दिवस थांबा, पुन्हा बघा. एकदम पूर्ण फेरा देणाऱ्याने नवीन नेकचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

आणि कूलर. विदर्भात उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही, आणि कूलर म्हणजे ओली हवा. दिवसभर कूलरच्या झोतात ठेवलेला बेस संध्याकाळी गच्चीवर नेला की तासाभरात दोन ऋतू पाहतो. वाद्य कूलरच्या समोर ठेवू नये, रोज वाजवून झालं की गवसणीत घालावं. एसटीच्या टपावर किंवा उभ्या गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. डिंक मऊ होतो आणि चिकटवलेला सांधा उचलतो.

लाकूड कुठलं घ्यावं, यावर लोक तासन् तास वाद घालतात. आरामाच्या दृष्टीने त्याला फारसं महत्त्व नाही. नेक बहुतेक मेपलचा असतो आणि त्यावरची फ्रेटांची पट्टी मेपलची किंवा शिसवीची. ही शिसवी म्हणजे बऱ्याचदा डालबर्जिया लॅटिफोलिया, आपल्या जंगलांतलाच शिसम. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्स या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या, तेव्हा जगभरच्या गिटार कंपन्यांची धावपळ उडाली. बऱ्याच स्वस्त वाद्यांवर शिसवीऐवजी इतर लाकडं आली, ती अजून दिसतात. तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली. मग आमच्या आलापल्लीच्या सागवानाचं काय, असं इथला माणूस विचारणारच. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं, मग बेसच्या नेकला का नको? साग आकसतो फार कमी, हा गुण नेकला उत्तमच. पण त्यातल्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही, सिलिकामुळे हत्यारांची धार लवकर जाते, आणि कारखान्यांची सगळी यंत्रं मेपलवर बसवलेली आहेत. एखाद्या स्थानिक कारागिराने एक नेक करून बघायला मात्र हरकत नाही.

पार्सल आलं की काय करायचं, तेवढं राहिलं. मे महिन्यात आलं असेल तर खोकं उघडून बेस लगेच बाहेर काढू नका. खोक्यातच काही तास खोलीच्या हवेला येऊ द्या. मग तारा सुरात लावा, कारण सैल तारांवर नेक तपासण्यात अर्थ नाही. डोक्याकडून ब्रिजकडे एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडांवर नजर टाका. दोन्ही सारख्या वाकलेल्या दिसल्या तर सळईने जमतं. एक कड वर आणि दुसरी खाली, म्हणजे नेक पिळवटलेला असेल, तर ते कुणालाच जमत नाही. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून बघा. एखाद्या जागी सूर उमटताच मरत असेल किंवा दोन फ्रेटांना एकच सूर येत असेल तर एखादा फ्रेट वर उचललेला आहे. पिळलेला नेक आणि उचललेला फ्रेट, या दोन गोष्टींसाठी परतीची मुदत संपायच्या आत वाद्य परत पाठवा. बाकी सगळं स्क्रू, कानस आणि पातळ तारांच्या आवाक्यातलं आहे.